कुटुंबाच्या नव्या वायनरीत स्पार्कलिंग वाइन कशी चाखायची: निघायच्या तयारीपासून बाटली घरी उघडेपर्यंत

नाशिकच्या आसपास, म्हणजे गंगापूर धरणाकडे, दिंडोरी रोडला, तिकडे इगतपुरीच्या बाजूला, मोठ्या नावांच्या जोडीला आता लहान वायनरीही दिसतात. त्यातल्या काही पूर्णपणे घरच्या असतात, वडिलांची द्राक्षबाग, मुलगा किंवा मुलगी वाइनमेकिंग शिकून आलेली आणि टेस्टिंग रूम घरातलंच कोणीतरी सांभाळतंय. अशा ठिकाणी पहिली स्पार्कलिंग वाइन बाजारात आली की आपण उत्साहाने जातो, थंडगार ग्लास हातात येतो, फुगे वर येत असतात, समोर मालक स्वतः उभे राहून प्रेमाने सगळं सांगत असतात, आणि मग जे काही तोंडात जाईल ते छानच लागतं. स्पार्कलिंग ही चाखायला सगळ्यात फसवी वाइन आहे, कारण गारवा आणि फुगे मिळून निम्मे दोष झाकून टाकतात. म्हणून ते दोन्ही बाजूला काढल्यावर ग्लासात वाइन म्हणून काही उरतं का, हे बघायला शिकायचं. नव्या वायनरीला खरी मदतही त्यानेच होते, नुसतं "वा वा" म्हणून काही होत नाही.

तसं स्पार्कलिंग आपल्याकडे अगदी कालचं नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने ती बनवायला सुरुवात केली होती आणि ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशातही जायची. पुढे राजीव सामंत यांची सुला आली, २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि त्यानंतर बऱ्याच बागायतदार कुटुंबांनी वायनरी काढल्या. त्यातल्या सगळ्या टिकल्या नाहीत. गुरनानी कुटुंबाने गंगापूर धरणाजवळ उभी केलेली यॉर्क चांगली चालली, तीही २०२१ मध्ये सुलाकडे गेली. घरच्या पैशावर वायनरी चालवणं खरंच अवघड आहे आणि स्पार्कलिंग बनवणं तर त्याहून अवघड, ते का हे आधी समजून घेतलं तर ग्लासातली चव वाचता येते.

फुगे येतात कुठून

तीन रस्ते आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे तयार वाइनमध्ये सोड्यासारखा गॅस भरायचा. दुसरा टाकीचा, म्हणजे बंद प्रेशरच्या टाकीत वाइनला दुसऱ्यांदा आंबवायचं आणि गॅस आत कोंडून ठेवायचा, इटलीतली प्रोसेको बहुतेक अशीच बनते, फळाचा ताजा वास टिकतो आणि वेळही कमी लागतो. तिसरा पारंपरिक, जो फ्रान्सच्या शॅम्पेन भागात चालतो आणि नाशिककडच्या बऱ्याच चांगल्या ब्रुट (म्हणजे कोरड्या, कमी साखरेच्या) वाइन ज्या पद्धतीने बनतात तो. शॅम्पेन हे नाव मात्र त्या भागातल्या वाइनलाच लागतं, आपल्या वाइनला स्पार्कलिंगच म्हणायचं.

पारंपरिक पद्धतीत आधी साधी, आंबट, कमी अल्कोहोलची वाइन बनवतात, साधारण १० ते ११ टक्क्यांची. ती बाटलीत भरताना लिटरमागे २४ ग्रॅमच्या आसपास साखर आणि यीस्ट घालतात आणि वर सोड्याच्या बाटलीला असतो तसला पत्र्याचा बिल्ला ठोकतात. आता आत दुसऱ्यांदा आंबणं सुरू होतं, गॅसला बाहेर पडायला जागा नाही त्यामुळे तो वाइनमध्येच विरघळतो आणि बाटलीतलं प्रेशर ५ ते ६ अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत जातं, म्हणजे कारच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट. काम संपलं की यीस्ट मरतं आणि त्याचा गाळ बाटलीत खाली बसतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. त्या गाळावर वाइन जितकी पडून राहील तितका तिला पावाचा, टोस्टचा, भाजलेल्या सुक्यामेव्याचा वास येत जातो आणि तोंडात ती मऊ लागायला लागते. हे दोन-तीन महिन्यांत होत नाही, नीट जाणवायला साधारण वर्षभर तरी लागतं. शॅम्पेनमध्ये साध्या वाइनलाही कायद्याने किमान १५ महिने बाटलीत ठेवावं लागतं आणि त्यातले १२ महिने गाळावर, स्पेनच्या कावा या स्पार्कलिंगला किमान ९ महिने.

आता नव्या कुटुंबाच्या बाजूने विचार करा. बागेचा खर्च झालेला, फ्रेंच कंपनीच्या जाड काचेच्या बाटल्या नाहीतर इथल्याच पण त्या प्रेशरला टिकणाऱ्या, त्याचे पैसे गेलेले, बँकेचा हप्ता दर महिन्याला चालू आणि माल मात्र वर्ष-दीड वर्ष सेलरमध्ये, म्हणजे वाइनच्या थंड कोठारात, आडवा पडून. शिवाय एप्रिल-मेमध्ये नाशिकला पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सेलर १२ ते १५ अंशांवर ठेवायला एसी आणि चिलर चोवीस तास लागतात, लाइट गेली की जनरेटर. त्यामुळे बाटल्या लवकर काढून विकायचा मोह होणारच. बऱ्याच नव्या स्पार्कलिंगमध्ये पावाचा वास शोधूनही सापडत नाही आणि नुसतं हिरवं सफरचंद आणि लिंबूच लागतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

अजून एक. मोठी शॅम्पेन हाऊसेस मागच्या कित्येक वर्षांची राखून ठेवलेली वाइन थोडी थोडी मिसळतात, त्यामुळे एखादा हंगाम वाईट गेला तरी चव सांभाळली जाते. नव्या वायनरीकडे मागची वर्षंच नसतात! जे काही आहे ते एकाच हंगामाचं, त्या वर्षी अवकाळी पाऊस झाला तर तोही ग्लासात. म्हणून नव्या वायनरीची वाइन चवीच्या खोलीच्या बाबतीत जुन्यांशी तोलू नका, स्वच्छता आणि तोल या बाबतीत मात्र नक्की तोला, तिथे सवलत द्यायची नाही.

निघण्याआधी

शक्यतो सकाळी ११ च्या सुमारास पोहोचा, जीभ ताजी असते आणि गर्दी कमी. बहुतेकांचा नाशिकचा प्लॅन म्हणजे आधी झणझणीत मिसळ आणि मग वायनरी. हा क्रम उलटा करा, तर्री खाऊन गेल्यावर तास-दोन तास तोंडाला आंबट-गोडातला बारीक फरक कळत नाही. घरून साधा नाश्ता करून निघा, पोहे चालतील पण मिरची बेताने. पोट रिकामंही नको.

अत्तर, परफ्यूम, डिओ नको. मोगऱ्याचा गजरा कितीही आवडत असला तरी त्या दिवशी गाडीतच राहू द्या, कारण गजऱ्याचा वास तुमच्याच नाही तर शेजारच्याच्या ग्लासातही शिरतो. कॉफी, पान, तंबाखू, मिंटची गोळी यातलं काहीही तासभर आधी नको. सोबत वही-पेन, पाण्याची बाटली आणि फिक्या पावाच्या किंवा साध्या क्रॅकर बिस्किटांचा पुडा घ्या. चीजची प्लेट लगेच मागवू नका, चीजची चरबी जिभेवर बसते आणि आंबट वाइनही गोड वाटायला लागते, ती प्लेट शेवटी.

गाडी कोण चालवणार हे निघतानाच ठरवा. टेस्टिंगचा एक ओतवा ५० ते ६० मिलिचा धरला तर पाच वाइनमध्ये दोन भरलेले ग्लास पोटात जातात, आणि आपल्या कायद्यात १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. चालवणाऱ्याने चाखायचीच नाही हे उत्तम. बाकीच्यांनीही थुंकायचं भांडं मागून घ्या, ते मागायला लाजू नका, वाइनच्या धंद्यातली सगळी माणसं तसंच करतात आणि भांडं मागितलं की समोरच्यालाही कळतं की हे लोक मन लावून चाखायला आलेत.

बागेत आणि सेलरमध्ये काय विचारायचं

लहान वायनरीचा सगळ्यात मोठा फायदा हा की ज्याने वाइन केली तोच समोर असतो. ओळखीच्या माणसाशी बोलतो तसं बोला, दादा-ताई म्हणा, पण प्रश्न नेमके विचारा.

पहिला प्रश्न द्राक्षाचा. नाशिकमध्ये पांढऱ्या स्पार्कलिंगसाठी शेनिन ब्लाँ खूप वापरतात, काही ठिकाणी शार्डोने, पिनो न्वार, रिझलिंग, आणि रोझेसाठी, म्हणजे गुलाबी वाइनसाठी, अनेकदा शिराझ. आपल्या खायच्या थॉम्पसन किंवा सोनाका द्राक्षाचा वाइनला तितकासा उपयोग नाही, ती गोड खूप आणि आंबटपणा-वास कमी. मग काढणी कधी केली ते विचारा. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा संपता संपता फळछाटणी, आणि वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च. स्पार्कलिंगची द्राक्षं सगळ्यात आधी काढतात, साखर कमी असतानाच, कारण इथे दिवसाचं ऊन कडक असतं आणि द्राक्ष पिकत गेलं की आंबटपणा भराभर उतरतो. "आम्ही पूर्ण पिकू दिली" असं कोणी स्पार्कलिंगबद्दल अभिमानाने सांगितलं तर थोडं सावध व्हा. काढणी पहाटे केली का आणि क्रेटमधून किती वेळात रस काढायच्या प्रेसपर्यंत गेली, हेही विचारा.

दुसरा, किती महिने गाळावर ठेवली. तिसरा, गाळ कधी काढला. चौथा, शेवटी साखर किती घातली. आणि पाचवा माझा आवडता, लाइट गेल्यावर सेलरचं काय करता? या एका प्रश्नाच्या उत्तरावरून वायनरीची शिस्त जितकी कळते तितकी ब्रोशर वाचून कळत नाही. जो माणूस लगेच सांगतो की जनरेटर किती मिनिटांत सुरू होतो, तापमानाची नोंद कुठे ठेवतो, मेमध्ये कुठली भिंत तापते, त्याच्या बाटल्यांवर मी डोळे झाकून निम्मा विश्वास ठेवतो.

पारंपरिक पद्धत असेल तर गाळ बघायला मागा, हे जवळून बघण्यासारखं आहे. लाकडी उतरत्या फळीच्या भोकांत बाटल्या मानेवर खोचलेल्या असतात आणि रोज प्रत्येक बाटली थोडीशी फिरवून हळूहळू उभी करत नेतात, हाताने केलं तर कित्येक आठवडे, मशीनने साधारण आठवड्यात. एक बाटली तशीच उलटी धरून मोबाइलच्या टॉर्चसमोर आणायला सांगा. बिल्ल्यावर बोटाच्या पेराएवढा फिक्कट, मातकट गाळ घट्ट बसलेला दिसेल आणि वरची वाइन आरपार स्वच्छ. वरती धुरकट ढग असेल तर तिचं अजून व्हायचंय. मग मान थंड द्रावणात बुडवून गाळ गोठवतात, बिल्ला उडवतात, प्रेशरने गाळाचा बर्फ बाहेर फेकला जातो, जितकी वाइन कमी झाली तितकी थोडी साखर घातलेली वाइन भरतात आणि बूच लावतात. यालाच डिसगॉर्ज करणं म्हणतात. छोट्या ठिकाणी हे हातानेच चालतं, आणि एकाच दिवशी केलेल्या दोन बाटल्यांतही थोडा फरक पडू शकतो तो त्यामुळे.

डिसगॉर्ज केल्यावर वाइनला विश्रांती लागते, दोन-तीन महिने तरी. त्याआधी चाखली तर साखर वेगळी, आंबट वेगळं असं तुटक तुटक लागतं. मागच्या आठवड्यात गाळ काढलेली बाटली तुमच्यासमोर उघडली तर मत वहीत लिहा पण त्यापुढे तारीख टाका.

लेबलवरचे शब्दही एकदा समजून घ्या, कारण एक्स्ट्रा ड्राय हा प्रकार ब्रुटपेक्षा गोड असतो आणि इथे भलेभले गोंधळतात. आपल्याकडचे वाइनमेकर बहुतेक युरोपातलीच मापं धरतात. वरून साखर अजिबात घातली नसेल आणि लिटरला ३ ग्रॅमच्या आत असेल तर ब्रुट नेचर, ६ पर्यंत एक्स्ट्रा ब्रुट, १२ पर्यंत ब्रुट, १२ ते १७ एक्स्ट्रा ड्राय, १७ ते ३२ सेक, ३२ ते ५० डेमी-सेक. ब्रुटच्या आतही ४ ग्रॅम आणि ११ ग्रॅममध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून आकडा विचाराच.

ग्लास आणि गारवा

उंच बारीक फ्लूट दिसायला छान, पण नाक आत जात नाही. साधा पांढऱ्या वाइनचा, वर थोडा निमुळता होणारा ग्लास मागा. हाताने धुतलेल्या ग्लासात साबणाचा अंश राहिला की फुगे मरतात, आणि फडक्याने पुसलेल्या ग्लासात धाग्यांचे कण राहिले की उलट धो धो फुगे येतात. फुगे नुसते डोळ्यांनी बघून "काय बारीक फुगे आहेत, मस्तच वाइन" असं ठरवू नका ते यासाठीच, ते बऱ्याचदा ग्लासाचं कर्तृत्व असतं. ग्लासात आधी थोडं पिण्याचं पाणी फिरवून टाकून दिलं की वास निघून जातो.

वाइन ८ ते १० अंशांवर हवी. फ्रीजमध्ये तीन-चार तास, नाहीतर बादलीत निम्मं बर्फ निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून २०-२५ मिनिटं. नुसत्या बर्फात बाटली खोचली तर वेळ जास्त लागतो कारण बाटलीभोवती हवाच जास्त असते. टेस्टिंग रूममध्ये वाइन अगदी ४ अंशांवर आणून ओतली तर ग्लास तळव्यात धरून पाच मिनिटं थांबा.

उघडताना: फॉइल काढा, अंगठा बुचावर ठेवूनच तार सैल करा (सहा अर्धे वेढे असतात), बाटली ४५ अंशात तिरकी, तोंड माणसांपासून आणि ट्यूबलाइटपासून लांब, बूच घट्ट धरून बाटली फिरवा. फस्स असा हलका आवाज आला पाहिजे. बारशाला आणि सक्सेस पार्टीला उडवतात तसं उडवलं तर वाइन आणि गॅस दोन्ही वाया जातं, आणि डोळ्याला लागलं तर फार वाईट लागतं.

आता चाखायचं

क्रम कोरड्याकडून गोडाकडे, म्हणजे ब्रुट नेचर, मग ब्रुट, मग रोझे, शेवटी डेमी-सेक. एका बैठकीत चार-पाचच्या वर नको, त्यानंतर जीभ आंबटाने बोथट होते. जमलं तर वायनरीवाल्यांना सांगा की बाटल्यांना कागद गुंडाळून द्या आणि त्यात एक बाहेरची, सगळ्यांच्या ओळखीची नाशिकची ब्रुट पण असू द्या. घरच्या वायनरीला हे थोडं जड जातं, पण जे तयार होतात ते स्वतःही त्यातून शिकतात, मी हे आवर्जून सुचवतो. तिथे नाही जमलं तर घरी करा.

ओतून झालं की आधी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. रंग फिक्कट पिवळा, हिरवट झाक असलेला असेल तर ताजी. ताज्या, वर्ष-दीड वर्षाच्या वाइनचा रंग तपकिरीकडे झुकत असेल तर हवा लागलीय किंवा उन्हात राहिलीय. बुडबुड्यांकडे एक नजर टाका, लिहा आणि पुढे चला, त्यात फार वेळ घालवू नका.

मग वास. पहिला वास ग्लास न हलवता घ्या, नाक एकदम आत खुपसू नका नाहीतर गॅस नाकात झिणझिण्या आणतो. मग हळूच एक-दोनदा फिरवा, जोरात घुसळलं तर फुगे जातात. आता डोळे मिटून स्वतःला विचारा की हा वास स्वयंपाकघरात नाहीतर बाजारात कुठे भेटलाय. आपल्या वाइनचं वर्णन करायला गूझबेरी आणि हनीसकलची गरज नाही, आपल्याला कैरी, पेरू, इडलिंबू, हिरवं सफरचंद, खरबूज, पपनस, ओली माती, बेकरीतून आत्ताच आलेली पावाची लादी, खारी, भाजलेले काजू असं सगळं चांगलं ओळखता येतं. नाशिकच्या शेनिन ब्लाँमध्ये पेरू आणि हिरवं सफरचंद बऱ्याचदा सापडतं. वास तीन भागांत लिहा: फळ कोणतं, पाव-टोस्टकडचं काही आहे का, आणि तिसरं काही खटकतंय का.

मग घोट. पहिला घोट फक्त तोंड तयार करायला, त्यावर मत बनवायचं नाही. दुसरा घोट मोठा घ्या, पाच-सहा सेकंद तोंडात सगळीकडे फिरवा. फुग्यांची खरी परीक्षा जिभेवरच होते, चांगल्या वाइनमध्ये ते क्रीमसारखे मऊ पसरतात, गॅस भरलेल्या वाइनमध्ये सोड्यासारखे टोचतात आणि लगेच संपतात. आंबटपणा बघा, गालाच्या आतून पाणी सुटायला हवं पण दात आंबायला नकोत. आपल्याकडे द्राक्षात आंबटपणा कमी पडला तर टार्टरिक आम्ल घालतात, त्यात गैर काही नाही, जगभर गरम भागात करतात, पण ते प्रमाणाबाहेर गेलं की आंबट वेगळं, जिभेच्या कडांना चुरचुरतं आणि फळाशी मिसळत नाही. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मनात आकडे मोजा, चव किती वेळ राहते. तीन सेकंदांत सगळं गायब झालं तर वाइन पातळ आहे. दहाच्या पुढे गेली आणि शेवटी कडवटपणा नाही, तर या कुटुंबाने काहीतरी चांगलं केलंय.

थांबायची पायरी, ही चुकवू नका

ग्लासातली निम्मी वाइन तशीच ठेवा आणि २०-२५ मिनिटांनी परत या. तोपर्यंत बाकीच्या वाइन घ्या, बागेत फेरी मारा. थंडीत वास आणि गोडी दोन्ही दबलेली असतात आणि गॅस आंबटपणा वाढवून दाखवतो, त्यामुळे वाइन कोमट व्हायला लागली आणि फुगे बसले की पडदा बाजूला होतो.

तेव्हा तीनपैकी एक गोष्ट दिसते. एक, गोडी एकदम वर येते, सरबतासारखं लागतं, म्हणजे कच्च्या वाइनवर साखरेचं पांघरूण घातलं होतं. दोन, काहीच उरत नाही, आंबट पाणी आणि मागे थोडा कडवटपणा, म्हणजे मूळ वाइनच दमदार नव्हती, द्राक्ष फार लवकर काढलं किंवा प्रेस जास्त दाबला. तीन, फळ अजून आहे, उलट मगाशी न आलेला पावाचा किंवा मधाचा वास आता येतोय, आणि फुगे नसतानाही दुसरा घोट घ्यावासा वाटतो. ही तिसरी भेटली की बाटली घ्या, लेबल कसंही असो. नव्या वायनरीत अशी भेटली की मला खरोखर आनंद होतो, कारण मागची वर्षं नाहीत, राखीव साठा नाही, आणि तरीही एका हंगामाच्या द्राक्षात हे जमवलंय.

दोष ओळखणं

सडक्या अंड्याचा किंवा जळलेल्या काडीचा वास: यीस्टला खाऊ कमी पडला किंवा हवा मिळाली नाही की असं होतं. ग्लास फिरवल्यावर पाच मिनिटांत गेला तर चालवून घ्या, राहिला तर दोष. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात बंद खोलीचा वास: बुचाचा दोष, त्यात वायनरीची चूक असेलच असं नाही, शांतपणे दुसरी बाटली उघडायला सांगा. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास: बॅक्टेरियाचं काम, सरळ नाही म्हणा. उकडलेल्या कोबीचा वास, खासकरून पांढऱ्या पारदर्शक बाटलीतल्या रोझेला: उजेड लागलाय. दुकानात ट्यूबलाइटखाली किंवा काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली स्पार्कलिंग बाटली कधी घेऊ नका, त्याच वायनरीची आतली, खोक्यातली बाटली मागा.

बिअर किंवा आंबवलेल्या इडलीच्या पिठासारखा कच्चा यीस्टचा वास आला तर बऱ्याचदा गाळावर पुरेसे महिने झालेले नसतात. हा वेळेचा प्रश्न आहे, पुढच्या बॅचला सुधारतो. आणि थंड, न हलवलेली बाटली उघडल्या उघडल्या फसफसून निम्मी बाहेर आली तर बहुतेक आत टार्टरिकचे बारीक खडे राहिलेत, म्हणजे भरण्याआधी वाइन नीट थंड करून खडे बसू दिले नव्हते. ही गोष्ट मालकांना नक्की सांगा, कारण त्यांच्यासमोर उघडलेली बाटली ठीक असते आणि गिऱ्हाइकाच्या घरी काय होतंय ते त्यांना कळतच नाही.

खाण्यासोबत

आता चीज मागवा, पण त्याहून बरं म्हणजे आपलं तळलेलं. आंबट आणि फुगे तेलकटपणा धुवून काढतात, त्यामुळे कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, बटाटेवडा (लसणाची चटणी बेतात), बोंबील फ्राय, रव्यातला सुरमई, यांच्यासोबत कोरडी ब्रुट इतकी जमते की वाइन न पिणाऱ्यालाही पटतं. तिखट रस्सा, मिसळ, कोल्हापुरी असेल तर ब्रुट नेचर नको, तिखटावर फुगे आणि अल्कोहोल अजून जाळतात, तिथे थोडी गोडसर एक्स्ट्रा ड्राय किंवा सेक घ्या. पुरणपोळी, श्रीखंड, गुलाबजामसोबत ब्रुट दिली तर बिचारी लिंबूपाण्यासारखी लागते. वाइन जेवणापेक्षा गोड असायला हवी, म्हणजे डेमी-सेक, आणि तीही श्रीखंडाला कमीच पडते.

बोलणं आणि बाटली घेणं

शेवटी मालक विचारतातच, "कशी वाटली?" तेव्हा तोंडदेखलं बोलू नका. वही उघडून सांगा: या वाइनमध्ये पेरू छान येतोय, शेवट जरा कडवट आहे, अर्ध्या तासाने गोडी वर आली. "मला आवडली नाही" यात त्यांना काही मिळत नाही, "कोमट झाल्यावर गोडी वेगळी पडली" यात पुढच्या बॅचची साखर ठरते. चारचौघांत नाही, बाजूला घेऊन सांगा, आणि जे आवडलं ते आधी. सोशल मीडियावर लिहायचंच असेल तर बॅच आणि तारीख लिहा, नव्या वायनरीची या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची वाइन खूप वेगळी असू शकते.

बाटली घेताना एकाच वाइनच्या दोन घ्या, वेगवेगळ्या दोन नको. डिसगॉर्जची तारीख मागच्या लेबलवर नसेल तर विचारून मार्करने बाटलीवरच लिहा. मुंबई-पुण्याला परतताना डिकीत ठेवू नका, मे महिन्यात बंद डिकीत तासाभरात वाइन उकळायची बाकी राहते, पुढे एसीत पायाशी ठेवा, चादरीत गुंडाळून. घरी आणल्यावर दोन-तीन दिवस आडवी पडू द्या, मग एक उघडा, शेजारी ती ओळखीची ब्रुट, दोन्हींना कागद गुंडाळलेला, आणि घरच्यांना न सांगता ओतून द्या. वायनरीत बागेकडे बघत जी वाइन आवडली तीच डायनिंग टेबलवर ट्यूबलाइटखाली आवडते का, हे इथे कळतं.

उरलेली वाइन असेल तर स्पार्कलिंगचा चिमट्याचा स्टॉपर लावून फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवस बऱ्यापैकी टिकते. बाटलीच्या तोंडात चमचा उलटा ठेवायचा तो प्रकार करू नका, त्याने काही होत नाही. दुसरी बाटली फ्रीजच्या दारात नको, अंधाऱ्या आणि घरातल्या सगळ्यात गार कपाटात ठेवा, सहा महिन्यांनी उघडा आणि पहिल्या नोंदीशेजारी दुसरी नोंद लिहा. आंबटपणा मऊ झाला आणि टोस्टचा वास वाढला तर दोन्ही नोंदींचा फोटो काढून त्या कुटुंबाला पाठवा. त्यांच्या बाटल्या गिऱ्हाइकाच्या घरी, एसीच्या सेलरबाहेर, सहा महिन्यांनी कशा लागतात ही माहिती त्यांना एरवी सहसा कोणी देत नाही, आणि पुढची बॅच गाळावर अजून किती महिने ठेवायची हे ठरवताना ती त्यांना उपयोगी पडेल.